हमिंग

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या गाळ्यांच्या पाठीमागे
शिकलगारांचं दुकान, म्हणजे एक बाकडं
आणि बाकड्याएवढाच माणूस.
रेडिओ खाली ठेवला तर म्हणाले,
"एकट्यानं कशाला उचललास गा, सागवान हाय."
झाकण काढायच्या आधी
नुसता हात फिरवला कडेवरून,
बाजारात म्हशीच्या पाठीवर फिरवतात तसा.

काच पिवळी पडलेली. काचेवर गावं :
सिलोन, कैरो, मॉस्को,
आणि एक अर्धं पुसलेलं, नुसतं "सम" उरलेलं,
तिथं कधीच काही लागलं नाही.
लागायचं सांगली.
लाल काटा सगळ्या दुनियेवरून सरकत जाऊन
शेवटी पन्नास किलोमीटरवर थांबायचा.

चालू केल्याबरोबर काही होत नसे.
आता हे कुणाला समजावता येत नाही,
की वाट बघणं हा त्या यंत्राचाच एक पार्ट होता.
आधी व्हॉल्व्हच्या पोटात तांबूस उजेड,
तापलेल्या धुळीचा वास,
जाळीच्या कापडातल्या जरीला थोडी जाग,
मग तो हिरवा डोळा
झोपमोड झालेल्या मांजरासारखा.
आणि सगळ्यांत आधी, निवेदिकेच्याही आधी,
घुंऽऽ

ती काढायची होती.

"कंडेन्सर वाळलाय," शिकलगार म्हणाले.
"साठ वर्षांत माणूस बी वाळतो."
कावीळ झाल्यासारख्या बल्बखाली
सोल्डरचा धूर सरळ वर गेला.
अंगठ्याएवढा जुना निघाला,
करंगळीच्या पेराएवढा निळा नवा बसला.
बटण फिरवलं आणि मागची शांतता ऐकू आली.
बाई बाकड्यापलीकडे बसून बातम्या देतेय,
पान उलटते तेही कळावं, इतकं स्वच्छ.
साडेतीनशे झाले. मी चारशे दिले
आणि उरलेले घेतले नाहीत.

वडिलांनी उद्यमनगरात छत्तीस वर्षं ओतकाम केलं.
छिन्नी-हातोड्यांनी त्यांचे कान
अक्षर-अक्षर करून नेले :
स गेला, श गेला, फ गेला,
मग आईची हाक.
आता ते आमच्या ओठांकडे बघतात
आणि बहुतेक वेळा "व्हय" म्हणतात.

रेडिओ त्याच्या फळीवर बसला.
त्यांनी दोन्ही बटणं धोतराच्या सोग्यानं पुसली,
उजवं फिरवलं, खट्,
डोळे मिटले
आणि तळवा कॅबिनेटवर ठेवला,
जागोजाग भाजून गुळगुळीत झालेला.
बातम्या झाल्या. गुळाचा भाव झाला.
कुणीतरी सनई लावली.
ते तसेच उभे.
मग डोळे न उघडताच विचारलं,
"लाईट गेलीया काय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा लक्ष्मीपुरी.
कसं सांगावं कळेना.
म्हटलं, मिस्त्री, खराबच बरा होता.
शिकलगार हसले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवला,
भंगाराच्या डालडाच्या डब्यात बोटं घातली,
बराच वेळ नुसता पत्र्याचा आवाज.
मग तो सापडला, पुठ्ठ्याची नळी, मेण सुटलेलं.
त्यांनी तो फुंकरून साफ केला.

"किती ठिवू?"
"म्हणजे?"
"घुंऽऽ. थोडी ठिवू, का सगळी?"

सगळी, मी म्हणालो.

पैसे घेतले नाहीत.
"बिघडवायचं कसलं आलंय पैसं," म्हणाले,
आणि निळा कंडेन्सर कागदात बांधून दिला,
असू दे म्हणून.

रिक्षात रेडिओ मांडीवर होता.
बिंदू चौकात सगळं तुंबलेलं,
हॉर्न, बैलगाडी, कॉलेजची पोरं.
इंजिनाची थरथर सागवानातून
माझ्या तळव्यात येत होती.
रिक्षावाला मागं वळून काहीतरी म्हणाला.
मी त्याच्या ओठांकडे बघितलं,
आणि "व्हय" म्हणालो.